थोरले माधवराव जगले असते तर: कल्पित मराठी राज्यातले धर्माचार्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा कल्पित इतिहास लिहायला घेतला तेव्हा वाटलं होतं, लोक तोफा, किल्ले आणि इंग्रजांबद्दल विचारतील. तेही विचारतात. पण निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर येतात: या राज्यात शास्त्री, महंत, काझी, मठाधिपती यांचं नक्की काय चालतं? तेच तेच प्रश्न पुन्हा आल्यामुळे उत्तरं एका जागी ठेवली आहेत. "खऱ्या इतिहासात" असं लिहिलंय ते घडलेलं. "कथेत" लिहिलंय ते माझं रचलेलं. या दोन्हींची गल्लत करून वाद घालू नका, एवढीच विनंती.

१. यातलं खरं किती आणि कल्पित किती?

१८ नोव्हेंबर १७७२ पर्यंतचं सगळं खरं. त्या दिवशी थेऊरला चिंतामणीच्या देवळाच्या आवारात थोरले माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय सत्तावीस. कथेत ते जात नाहीत. थंडीत ताप हटतो, हाडांचा सापळा होऊन का होईना ते पालखीतून पुण्याला परतात आणि १८०५ पर्यंत कारभार पाहतात. तिथून पुढचं सगळं कल्पित. छत्रपती साताऱ्यास, पेशवे पुण्यात, शिंदे-होळकर उत्तरेत, ही मांडणी मात्र मी तशीच ठेवली आहे.

२. सगळे पानिपतापासून सुरुवात करतात. तुम्ही का नाही केली?

लढाई जिंकली की मुलूख मिळतो, कारभार आपोआप सुधारत नाही. धर्माचार्यांना हद्द घालून द्यायची तर ती घालणारा माणूस गादीवर हवा. माधवरावांचं अकाली जाणं राज्याला पानिपताइतकंच बाधलं, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफसुद्धा लिहून गेलाय.

आणि एक आख्यायिका आहे, जिच्यामुळे ही कथा मुळात सुचली. तरुण माधवराव जपाला बसलेले असताना पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे काही कामासाठी आले, पाहून परत गेले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची रजा मागायला उभे राहिले. कारण विचारल्यावर त्यांचं म्हणणं साधारण असं: ब्राह्मणधर्मच पाळायचा असेल तर राज्य सोडा, आपण दोघं मिळून गंगेकाठी जाऊ. राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हेच तुमचं अनुष्ठान. त्यानंतर माधवरावांनी जपजाप्य आवरलं म्हणतात. एक शास्त्री राज्यकर्त्याला सांगतोय की पूजा कमी कर. याच्याइतकी चांगली सुरुवात मला सापडली नाही.

३. मग हे धर्मराज्य आहे का? शंकराचार्य राज्य चालवतात का?

नाही. कथेतल्या राज्यात धर्माचार्य विचारल्यावर मत देतात. न विचारता दिलं तर सरकार नमस्कार करून ऐकून घेतं, पण दफ्तरात नोंद होत नाही. मत हा हुकूम नव्हे. हुकूम व्हायला हुजूरचा शिक्का लागतो.

हे मी हवेतून काढलेलं नाही. खऱ्या इतिहासात मठ, देवस्थान, अग्रहार (ब्राह्मणांना इनाम दिलेली गावं), काझीचं वतन, सगळं सरकारी सनदेवर चालायचं. नवा राजा आला की जुन्या सनदा घेऊन महंत, पुजारी आणि काझी एकाच रांगेत उभे, नूतनीकरणासाठी. शास्त्राचा आधार कुणाला कितीही असो, धान्याचा आधार सनदेचाच होता. कथेतला सगळा डोलारा या एका वस्तुस्थितीवर उभा आहे, आणि पुढची बरीच उत्तरं फिरून इथेच येतात.

४. पंडितराव म्हणजे कोण? हे पद खरंच होतं का?

होतं. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची कामं ठरवून दिली, त्यात पंडितराव एक. धर्म-अधर्म पाहून निर्णय देणं, विद्वानांचा सत्कार, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्ताच्या कागदांवर संमतीचं चिन्ह करणं, ही त्यांची कामं. आठांपैकी सहा प्रधानांना मोहिमेवर जावं लागे. पंडितराव आणि न्यायाधीश या दोघांना नाही.

पुढे पेशवाईत अष्टप्रधानपदं वंशपरंपरागत आणि पोकळ झाली. पद घराण्यात, काम दुसरीकडे. कथेतले माधवराव हे पद पुन्हा चालू करतात, पण तीन अटी घालतात. पद वंशपरंपरेने चालणार नाही. पंडितरावाला इनाम गाव मिळणार नाही, रोख नेमणूक मिळेल. आणि न्यायाधीशाची सही नसेल तर त्याचा कागद कोरा समजायचा. दुसरी अट सर्वांत जाचक. रोख नेमणूक घेणाऱ्याला मनाला येईल तसं बोलता येत नाही, हे माधवरावांना ठाऊक होतं, असं मी धरलंय.

५. निर्णय प्रत्यक्षात कसा होतो? एखादं उदाहरण द्या ना.

कथेतलंच देतो, कारण सर्वांत जास्त पत्रं याच प्रकरणावर आली.

माण देशातला एक शिलेदार म्हैसूरच्या हैदरावरच्या स्वारीत पकडला जातो. श्रीरंगपट्टणला नऊ वर्षं कैद, तिथे बळजबरीने धर्मांतर. सुटून गावी येतो तेव्हा बायको जिवंत आहे, आई गेलेली आहे आणि जमीन धाकट्या भावाच्या ताब्यात आहे. गाव त्याला चावडीच्या बाहेरच्या ओट्यावर बसवतं. पाणी वरून ओंजळीत. धाकटा भाऊ शास्त्र काढतो: हा आता जातीतला नाही, त्यामुळे वाटणीही नाही.

कमाविसदार, म्हणजे परगण्याचा सरकारी अंमलदार, प्रकरण पुण्याला पाठवतो. पंडितराव पैठण आणि कऱ्हाड या दोन क्षेत्रांच्या ब्रह्मवृंदाला प्रश्न लिहितात. पैठणचं उत्तर येतं: बळजबरीने झालेलं, मन तयार नव्हतं, गोदास्नान आणि प्रायश्चित्त पुरे. कऱ्हाडचं येतं: नऊ वर्षं अन्नव्यवहार झाला, घेता येणार नाही. आता एकाला एक मत झालं. इथे न्यायाधीश शास्त्र वाचत नाहीत, खर्चाचा कागद मागवतात. कऱ्हाडचं पत्र घेऊन येणाऱ्या माणसाला वाटखर्च कोणी दिला? धाकट्या भावाने.

शुद्धिपत्र निघतं, हुजूरचा शिक्का पडतो. पण खरी परीक्षा पंगतीची. सरकार शिक्का उठवू शकतं, शेजारी बसून जेवायला लावू शकत नाही. पाटील येऊन बसतो, मग एकेक करत बाकीचे. भावाचं पान मांडलेलं असतं. ताप आलाय असा निरोप येतो, आणि त्या पानावरचा भात पंगत उठेपर्यंत तसाच राहतो.

खऱ्या इतिहासातला आधार विचाराल तर नेताजी पालकर. मोगलांकडे मुहम्मद कुलीखान होऊन दूर अफगाणिस्तानाकडे पाठवलेला हा सेनापती परत आला आणि १६७६ मध्ये महाराजांनी त्याला प्रायश्चित्त देऊन घेतलं. राजाची इच्छा असली की शास्त्रात वाट सापडते. नसली की तेच शास्त्र भिंत होतं.

६. या सगळ्या धर्मकारभाराचा पैसा कुठून येतो?

दोन वाटा: इनामं आणि दक्षिणा.

दक्षिणेचा खरा इतिहास रंजक आहे. श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची प्रथा आधी तळेगावच्या दाभाड्यांकडे होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा मान पुण्याला आला. पर्वतीच्या पायथ्याला रमण्याच्या आवारात देशोदेशींचे ब्राह्मण कोंडायचे आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवायचे, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. दानधर्मातही हिशेब पक्का. रामशास्त्र्यांची एक गोष्ट इथलीच सांगतात. त्यांचा सख्खा भाऊ दक्षिणेला आला तेव्हा शेजारी बसलेले नाना फडणीस वीस रुपये द्या म्हणाले. शास्त्रीबुवांनी इतरांसारखेच दोन दिले. विद्या बेताची आहे, भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी घरी देईन.

कथेत दक्षिणा बंद होत नाही, पण परीक्षेशिवाय मिळेनाशी होते. वेद, न्याय, व्याकरण यांच्या जोडीला गणित, वैद्यक आणि मोडी लेखन. हे फार आधुनिक वाटलं तर खरा इतिहास पाहा: राज्य गेल्यावर इंग्रजांनी हाच दक्षिणा फंड चालू ठेवला, त्यातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी अर्ज केला की यातला पैसा मराठी ग्रंथांना द्या. सनातनी पुणं खवळलं, पण पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसं सुरू झालीच. मी फक्त हे पन्नास वर्षं आधी आणलं.

इनामांची उजळणी कथेत दर सिंहस्थाला होते. बारा वर्षांनी गुरू सिंहेत आला की गोदावरीवर साधू जमतात आणि त्याच वेळी पुण्यात दफ्तर उघडतं: कोणत्या मठाने तळं बांधलं, कोणी अन्नछत्र चालवलं, कोणी नुसतंच खाल्लं. महंतांना स्नानाचा मुहूर्त आणि उजळणीची तारीख दोन्ही पाठ असतात. दुसरीची धास्ती जास्त.

७. राजगुरू नाहीत का? ब्रह्मेंद्रस्वामींसारखे?

मुद्दाम ठेवले नाहीत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे थोरल्या बाजीरावांचे आणि चिमाजीअप्पांचे गुरू, पण त्याच वेळी सावकारही. बाजीरावांची स्वामींना गेलेली पत्रं वाचली की मोहिमेचा तोटा आणि कर्जाचं रडगाणं असंच ऐकू येतं. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी सातने चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाची नासधूस केली, तेव्हा सिद्दीवर मोहीम काढा म्हणून स्वामींनी सगळ्यांना भंडावून सोडलं. गुरू, सावकार आणि मोहिमेचा प्रेरक एकाच आसनावर बसला की कोणाला काय नाकारायचं हे कळेनासं होतं. म्हणून कथेत नियम आहे: ज्याच्याकडून उपदेश घ्यायचा त्याच्याकडून कर्ज घ्यायचं नाही. पाळतात का? सरदार मंडळी बहुधा नाही.

८. रामशास्त्री तुमच्या कथेत एवढे फिके का?

हा प्रश्न मला दुखतो, कारण खरा आहे. रामशास्त्री आपल्याला माहीत आहेत ते एका प्रसंगामुळे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ आणि त्यांच्यानंतरचे पेशवे नारायणराव मारले गेले. शास्त्रीबुवांनी चौकशी करून त्यांचे काका रघुनाथराव यांच्यावर दोष ठेवला, याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळ जाऊन राहिले. पण माधवराव जिवंत राहिले तर नारायणराव मरत नाहीत, आणि मग तो प्रसंगच उरत नाही. रामशास्त्री नेमाने कचेरीत येतात, निवाडे करतात, रोजच्या रोज घरी जातात.

पर्यायी प्रसंग रचायचा मी प्रयत्न केला. दोन महिने गेले. जे लिहिलं ते नाटकी झालं, फाडलं. राज्य नीट चाललं की न्यायाधीश साधा दिसतो, हे शेवटी मान्य करून टाकलं.

९. काझी आणि मुलाणी यांचं काय? की सगळं हिंदू धर्माचार्यांचंच?

खऱ्या इतिहासातच नव्हतं तसं. गावगाड्यात जोशी आणि गुरव असायचे तसा मुलाणीही बलुतेदार. काझीचं वतन मराठी अमलात चालू राहिलं. केळशीचे मुसलमान अवलिया बाबा याकूत शिवाजी महाराजांना पूज्य होते.

कथेत मी एकच जोड दिली: निकाह, तलाक, वारसा यांतला प्रश्न पुण्याला आला तर पंडितराव तो उघडत नाहीत. तो न उघडता काझीकडे जातो आणि काझीचं मत वेगळ्या लिफाफ्यात न्यायाधीशाकडे येतं. शास्त्री आणि काझी एका बैठकीवर बसून चर्चा करतायत असं दृश्य काही वाचकांना हवं असतं. मला ते १७९० च्या पुण्यात बसवता आलं नाही. कागद शेजारी बसतात, माणसं नाही.

१०. वसईच्या ख्रिस्ती लोकांचा पाद्री या व्यवस्थेत कुठे बसतो?

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या तहात तिथे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्म पाळायची मुभा होती. कथेत ती तशीच चालते, पाद्री पंडितरावांच्या दफ्तराबाहेर, थेट सुभेदाराच्या अखत्यारीत.

यावर एक पाहिलेली गोष्ट सांगतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे, मागे कृष्णेचा घाट. घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मी गेलो तेव्हा एक आजी कपडे पिळून आली, ओल्या हाताने घंटेला हात लावून कपाळाला लावला आणि देवळात गेली. घंटेवर बाळ घेतलेली मेरी कोरलेली आहे. आजींना विचारलं, ही कोण? "देवी असंल की," म्हणाल्या. कथेतल्या वसई प्रकरणाचं पहिलं वाक्य मला तिथे मिळालं.

११. महादजी शिंद्यांचे गुरू मुसलमान फकीर होते हे तुम्ही रचलंय ना?

नाही, खरं आहे. बीडचे मन्सूर शहा. महादजींची त्यांच्यावर निष्ठा होती आणि शिंदे घराण्याने तो संबंध पुढेही जपला. आणि हेच महादजी दिल्लीच्या बादशहाकडून गोवधबंदीचं फर्मान मिळवतात. दोन्ही गोष्टी एका माणसात. कथेत मी यात काही भर घातली नाही, घालायची गरजच नव्हती.

१२. हत्यारबंद गोसाव्यांना तुमचा "विचारल्यावरच बोला" नियम लागू आहे का?

कागदावर आहे. व्यवहारात हा सर्वांत अवघड अपवाद.

गोसावी एकाच वेळी संन्यासी, व्यापारी, सावकार आणि सैनिक. खऱ्या इतिहासात अनूपगीर गोसावी, म्हणजे हिंमतबहादूर, हजारोंची फौज बाळगून कधी अयोध्येच्या नबाबाकडे, कधी महादजींकडे, शेवटी इंग्रजांकडे. त्याला पंडितराव कोणतं प्रायश्चित्त देणार? कथेत त्यासाठी वेगळी वाट काढली: फौज ठेवणारा महंत हा धर्माचार्य नव्हे, सरदार. त्याचा कागद धर्माच्या दफ्तरात जात नाही, लष्कराच्या हजेरीत जातो. भगवी छाटी असली तरी घोडे मोजले जातात. आणि घोडे कमी भरले तर नेमणूक कापली जाते, जशी कोणाही शिलेदाराची.

१३. शृंगेरीची लूट तुमच्या कथेत होते का?

होते. टाळता आली असती, टाळली नाही.

१७९१ च्या टिपूवरच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या बाजूच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी मठ लुटला. देवतेची मूर्तीही सुटली नाही. आणि पुन्हा प्रतिष्ठा करायला मदत पाठवली ती टिपूने. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणवणाऱ्या राज्याच्या फौजेला धर्मपीठ दिसत नाही, लूट दिसते. कारण पेंढाऱ्याला पगार नसतो, लूट हाच पगार. पुण्यात पंडितराव बसलेत की नाही याने त्यात काय फरक पडणार?

कथेत फरक पडतो तो नंतर. मठाच्या भरपाईची रक्कम पटवर्धनांच्या सरंजामातून वळती होते. त्यावरून मिरजेकडच्या काही वाचकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. ते प्रकरण मी तसंच ठेवलंय.

१४. वारकऱ्यांचा प्रतिनिधी का नाही?

कोणाला पाठवायचं यावर एकमत झालं तर मी जागा ठेवतो, असं मी एका फडाच्या मंडळींना म्हणालो. ते हसले. तेच उत्तर.

वारकऱ्यांना पीठ नाही, आचार्य नाही. फड आहेत, दिंड्या आहेत आणि विणेकरी आहे. सनद देऊन ज्याला बांधायचं असा माणूसच नाही. म्हणूनच ते कथेतल्या राज्याला सर्वांत त्रासदायक ठरतात. माळकरी शिपाई आषाढीला रजा मागतो, आणि नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही. खऱ्या इतिहासात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी नोकरी केलेले. लवाजमा, शिस्त, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे: वारीत सरदारी आली ती अशी.

१५. पेशवाईतली अस्पृश्यता तुम्ही लपवता का?

लपवत नाही, पण पुसतही नाही. काही वाचकांची इच्छा असते की माधवराव जगले म्हणजे हेही सुधारलं असं दाखवा. ते मला जमणार नाही. कथेत वेठबिगारीला चाप बसतो, कारण खऱ्या माधवरावांनीही तसे हुकूम काढले होते. पण देवळाचं दार उघडत नाही. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराच्या पायरीजवळ आहे आणि त्यांच्या लोकांना खऱ्या इतिहासात आत जायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत.

कथेत हा प्रश्न पंडितरावांकडे येतो तो १७९६ मध्ये, एका महार नाईकाच्या अर्जाने. किल्ल्यावर पहारा आमचा, गावच्या वेशीचा वाद आला की साक्ष आमची, मग देवळाच्या वेशीवर आम्ही कोण? पाच क्षेत्रांतून पाचही मतं एकसारखी येतात. प्रश्न ५ मध्ये मतं फुटली म्हणून सरकारला जागा मिळाली. इथे फूट पडत नाही, कारण इथे सगळ्याच सनदवाल्यांचं हित एक आहे. माधवराव अर्जावर शेरा न मारता तो ठेवून देतात. ते पान मी पाच वेळा लिहिलंय आणि अजून माधवरावांना माफ केलेलं नाही.

१६. सती जाण्यावर या राज्यात बंदी आहे का?

नाही. खऱ्या इतिहासात माधवरावांबरोबर रमाबाई थेऊरला सती गेल्या. कथेत ती चिता पेटत नाही, त्यामुळे रमाबाई तीस वर्षं जास्त जगतात आणि हा विषय घरातून येतो. आधार म्हणून मी अहिल्याबाईंकडे पाहतो. १७५४ मध्ये कुंभेरीला नवरा खंडेराव पडल्यावर त्या सती निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी अडवलं. त्याच अहिल्याबाईंना १७९१ मध्ये लेक मुक्ताबाईला अडवता आलं नाही. कथेत नियम इतकाच: कमाविसदाराची लेखी परवानगी आणि तीन दिवसांची मुदत. तीन दिवसांत प्रेत ठेवता येत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

१७. वेदोक्त-पुराणोक्ताचा वाद कोण सोडवतं?

कोणीच नाही, कथेतही नाही. वाद असा: एखाद्या जातीचे विधी वेदमंत्रांनी करायचे की पुराणातल्या मंत्रांनी. परभूंचं ग्रामण्य, म्हणजे त्यांच्या या हक्कावरून उठणारा जातीचा तंटा, पुन्हा पुन्हा उठतं, पंडितराव पुन्हा पुन्हा पुढची तारीख देतात.

शिवाजी महाराजांनाही राज्याभिषेकासाठी काशीहून गागाभट्ट आणावे लागले, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला निश्चलपुरी गोसाव्यांकडून दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक झाला. छत्रपतींच्या घराण्यालाच हा काटा शेवटपर्यंत टोचत राहिला. १८९९ मध्ये कोल्हापुरात तो पुन्हा उसळला. शाहू महाराजांनी राजोपाध्यांची इनामं काढून घेतली आणि १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू नेमले. म्हणजे सनद मागे घेतली आणि नवी सनद दिली. प्रश्न ३ चं उत्तर पटत नसेल तर हे एकदा पाहा.

१८. दोन पंचांगांत सण वेगळे आले तर सरकार कोणतं मानतं?

गमतीने विचारतात, पण कथेत यावरून जवळजवळ दंगल होते.

महाराष्ट्रात पंचांग करायचे ते गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून. कोकणातल्या नांदगावचा हा ज्योतिषी, ग्रंथ १५२० चा, आणि त्रिकोणमितीची कटकट न ठेवता साध्या आकडेमोडीने ग्रह काढायची सोय. पण शतकं गेली की साध्या सोयीत चूक साठते. कथेत एका वर्षी दुर्बीण लावून पाहणारा जोशी म्हणतो ग्रहण अमुक घटिकेला, रमण्यातले जोशी म्हणतात नंतर. घाटावर हजारो माणसं पाण्यात उभी. सरकार दोघांनाही दुजोरा देत नाही, फक्त तोफेचा बार ग्रहण दिसल्यावर उडवायचा असा हुकूम काढतं. पुढच्या वर्षापासून लोक पंचांग बघतात आणि तोफेची वाट पाहतात.

१९. जमीन देवाच्या नावावर असेल तर फिर्याद कोण करतं, आणि उजळणीत देवाची जमीन जाऊ शकते का?

कथेत देवाच्या जमिनीची उजळणी होत नाही, देवाच्या नावाने सही करणाऱ्याची होते. पुजारी, गुरव किंवा संस्थानिक बदलता येतो, देव नाही. चिंचवडच्या देवांचा अपवाद मात्र अडचणीचा. मोरया गोसावींच्या वंशातल्या पुरुषांना लोक गणपतीचा अंशच मानत, म्हणजे देव आणि सही करणारा एकच. थेऊरचा चिंतामणी त्यांच्याच देखरेखीखाली, आणि माधवराव वाचले ते थेऊरला. त्यांच्या सनदेला हात लावायचं धाडस कथेतल्या एकाही फडणिसाला होत नाही. कारकून दर सिंहस्थाला ते बासन काढतो, धूळ झटकतो आणि परत ठेवतो.

२०. आमच्या गावातही असाच जुना तंटा होता. तो कथेत घ्याल का?

आनंदाने. गावाचं आणि देवाचं नाव, वाद कोणाकोणात होता (गुरव-जोशी, जंगम-गुरव, दोन दिंड्या, काहीही) आणि शेवटी नारळ कोणी फोडला, एवढं तरी कळवा. माणसांची नावं मी बदलतो. मोडी कागद असेल तर तो सपाट ठेवून उन्हात नाही, सावलीत फोटो काढा. घडी जबरदस्तीने उलगडू नका, तुकडा पडला की नेमकी तारीख जाते.